विद्यार्थ्यांचा म्युझिक व्हिडिओ तपासायचा कसा: पोस्टरपासून शेऱ्यापर्यंतचा क्रम

सत्र संपत आलं की मास मीडियाच्या वर्गांतून म्युझिक व्हिडिओंचे पेन ड्राइव्ह येऊ लागतात. सोबत पोस्टर, टीझर, रील आणि थंबनेल (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं छोटं चित्र) असतं. बहुतेक ठिकाणी तपासणी एकाच पद्धतीने होते. मुलं समोर उभी राहून आधी कल्पना समजावून सांगतात, मग व्हिडिओ लागतो, टाळ्या पडतात आणि वेळ उरला तर शेवटी पोस्टरवर नजर टाकून गुण दिले जातात. हा क्रम उलटा आहे. कल्पना आधी ऐकली की पडद्यावर नसलेलंही दिसायला लागतं. व्हिडिओ आधी पाहिला की कसलंही पोस्टर अर्थपूर्ण वाटतं.

मीही बरीच वर्षं असंच केलं. एका गटाने घाटात, भर पावसात, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शूटिंग कसं केलं ते इतकं मनापासून सांगितलं की मी सढळ हाताने गुण दिले. आठवड्याने तोच व्हिडिओ एकटीने पाहिला. पावसातले सगळे शॉट धूसर होते आणि गाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्याच दिवशी दुसऱ्या गटाने एका खोलीत केलेलं नेटकं काम मी कमी गुणांत बसवलं होतं. ती मुलं काही बोलली नाहीत, पण त्यांचं नुकसान झालंच. पुढचा क्रम त्यानंतर बसवलेला आहे.

शिक्षक आणि बाहेरचे परीक्षक यांच्यासाठी हे लिहिते आहे. सबमिशनच्या आधी आपलं काम आपणच तपासू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते तसंच्या तसं वापरता येईल. चार मिनिटांच्या एका व्हिडिओला साधारण पाऊण तास धरा. एका बैठकीत चारपेक्षा जास्त गट घेऊ नका. पाचव्या गटापर्यंत डोळे थकतात आणि त्याची किंमत तो गट मोजतो.

## टप्पा १: बसण्यापूर्वी काय हातात हवं

पुढच्या गोष्टी तपासणीच्या किमान दोन दिवस आधी मागवा आणि त्या नसतील तर तपासणीला बसू नका.

१. व्हिडिओची मूळ एक्स्पोर्ट केलेली फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली चालणार नाही. तिथे चित्र इतकं दाबलं जातं की अंधारातल्या शॉटमध्ये चौकोन दिसायला लागतात, आणि तो दोष मुलांचा नसतो.
२. गाण्याची वेगळी ऑडिओ फाइल आणि गाण्याचे शब्द कागदावर.
३. प्रसिद्धीचं सगळं साहित्य: पोस्टर, चौकोनी कव्हर, थंबनेल, टीझर, उभी रील.
४. शॉट लिस्ट किंवा स्टोरीबोर्ड (शॉट चित्रांतून मांडलेला आराखडा), शूटिंगच्या आधीच्या तारखेचा.
५. कोणी काय काम केलं त्याचा तक्ता, सगळ्यांच्या सह्यांसह.
६. हक्क आणि परवानग्यांचे कागद.
७. प्रत्येकाचं लेखी आत्मपरीक्षण. हे बंद पाकिटात किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि शेवटपर्यंत उघडू नका.

गुणांची वाटणी काम देतानाच मुलांच्या हातात पडायला हवी. १०० गुणांची माझी वाटणी अशी: गाण्याशी नातं आणि कल्पना २५, चित्रीकरण १५, संकलन २०, कलाकारांचं काम आणि लिप-सिंक (गाण्याशी ओठ जुळणं) १०, प्रसिद्धी साहित्य २०, हक्क, नोंदी आणि आत्मपरीक्षण १०. तुमच्या अभ्यासक्रमात आकडे वेगळे असतील तर तेच वापरा. तपासताना मात्र ते बदलू नका. एखादा व्हिडिओ आवडला म्हणून ‘संकलनाला थोडे जास्त’ असं मनात आलं की थांबा.

खोलीचीही तयारी लागते. पडदे ओढा. स्टाफरूमच्या जुन्या प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी होतो, म्हणून रंग आणि प्रकाश लॅपटॉपच्या किंवा चांगल्या टीव्हीच्या पडद्यावरच तपासा. एक फोनही जवळ ठेवा, पुढे लागेल.

सावध: ब्लूटूथ स्पीकर किंवा ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. त्यात आवाज किंचित उशिरा येतो आणि नीट जमलेलं लिप-सिंकही चुकलेलं वाटतं. वायरचा हेडफोन घ्या.

## टप्पा २: प्रसिद्धी साहित्य आधी, कोऱ्या मनाने

प्रेक्षकाला सगळ्यात आधी थंबनेल दिसतं, मग कदाचित रील, आणि त्यानंतर तो व्हिडिओ उघडतो किंवा पुढे जातो. तुम्हीही त्याच वाटेने या. गाणं ऐकलेलं नाही, शब्द वाचलेले नाहीत, मुलांशी बोलणं झालेलं नाही, अशा अवस्थेत पोस्टर दहा सेकंद पाहा आणि बाजूला ठेवा. मग कागदावर तीन गोष्टी लिहा: गाणं कोणत्या प्रकारचं असेल, मूड काय असेल, कोणासाठी असेल. थंबनेल फोनवर, हात लांब करून पाहा. टीझर एकदाच पाहा आणि लिहा: पुढे काय पाहायला मिळेल असं वाटतं?

हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकदा गाणं ऐकलं की ही कोरी नजर परत मिळत नाही, आणि प्रसिद्धी साहित्याचे निम्मे गुण याच कागदावर ठरतात.

एक उदाहरण देते, पुढेही तेच वापरणार आहे. एका गटाने जात्यावरच्या ओवीच्या वळणाचं स्वतःचं गाणं लिहिलं होतं, खाली संथ लो-फाय ठेका. त्यांचं पोस्टर मी आधी पाहिलं: जांभळ्या-निळ्या निऑन प्रकाशातली रात्रीची इमारत, मध्ये पाठमोरी मुलगी, वर इंग्रजी वळणाच्या तिरप्या अक्षरांत नाव. माझ्या कागदावर लिहिलं गेलं, ‘शहरी रॅप, रात्र, एकटेपणा, विशीतले प्रेक्षक.’ गाणं सुरू झालं आणि आलं आजीचं जातं. पोस्टर सुंदर होतं. ते दुसऱ्या गाण्याचं होतं.

तपासणी: तुमच्या कागदावर तीन अंदाज लिहिले आहेत का? मग पुढे.

## टप्पा ३: गाणं नुसतं ऐका

व्हिडिओ न लावता ऑडिओ फाइल ऐका, समोर शब्द ठेवून. मुखडा कुठे सुरू होतो, अंतरे कुठे, मधलं संगीत किती सेकंदांचं, ठेका कुठे थांबतो किंवा बदलतो, त्या वेळा कागदावर मांडा. एक ओळ कशाबद्दल आहे हे कळलं नाही तर तीही नोंदवा.

याला पाच मिनिटं लागतात आणि जवळजवळ कोणीच ती देत नाही. म्हणून मग ‘संकलन छान आहे’ असे शेरे येतात. कशाच्या मानाने छान, हे सांगायला गाण्याचा हा नकाशा लागतो.

## टप्पा ४: पहिलं पाहणं, न थांबता

आता व्हिडिओ लावा. पूर्ण पडदा, पूर्ण आवाज, हातात पेन नाही, मध्ये थांबणं नाही. फोन उलटा ठेवा. संपल्यावर दोन मिनिटांत लिहा:

– डोळ्यांसमोर राहिलेली तीन दृश्यं.
– मन कुठे भरकटलं, अंदाजे कोणत्या कडव्यात.
– टप्पा २ मधले तीन अंदाज खरे ठरले की खोटे.

मन भरकटल्याची जागा प्रामाणिकपणे लिहा. माझा अनुभव असा की ती बहुतेक वेळा दुसऱ्या अंतऱ्यात असते. मुलांकडचे चांगले शॉट पहिल्या दीड मिनिटात संपतात आणि मग तेच परत यायला लागतात.

सावध: या टप्प्यावर गुण देऊ नका. पहिल्या पाहण्यात गाण्याची गोडी व्हिडिओच्या खात्यात जमा होते.

## टप्पा ५: दुसरं पाहणं, आवाज बंद करून

आवाज गेला की व्हिडिओ उघडा पडतो. आता पेन हातात घ्या आणि वेळ लिहीत जा.

चित्र स्वतःहून काही सांगतंय का, हे आधी. कलाकार कोण आहे, तिला काय हवंय, सुरुवातीपासून शेवटापर्यंत काही बदललं का? गोष्ट सांगणारा व्हिडिओ नसेल, नुसतं सादरीकरण असेल, तरी जागा, कपडे, प्रकाश, कॅमेऱ्याची जवळीक यांतलं काहीतरी पुढे सरकायला हवं.

मग तांत्रिक बाजू. प्रत्येक दोषाचं कारण ओळखा, कारण शेऱ्यात नुसतं ‘चित्रण सुधारा’ लिहून कोणाचं काही सुधारत नाही. वारंवार दिसणारे काही दोष असे:

पट्ट्या आणि लुकलुक. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली शूट केलेल्या शॉटमध्ये आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे आणि दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोन ऑटोवर ठेवला की शटर त्याच्याशी जुळत नाही. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधून ठेवलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

चेहऱ्याचा रंग शॉटगणिक बदलणं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार रंग जुळवण्याची कॅमेऱ्याची सोय, ऑटोवर होता. संकलनात सगळ्या शॉटवर एकच फिल्टर टाकल्याने हा फरक जात नाही, उलट उठून दिसतो.

उगाच स्लो मोशन. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करून नंतर संथ केलेला शॉट अडखळत चालतो. ५० किंवा १०० फ्रेमवर घेतलेला शॉट तसा चालत नाही. शूटिंगआधी ठरवलं होतं की नाही, हे इथे कळतं.

तयारी. ओव्या-गटाच्या व्हिडिओत जातं फिरत होतं, मुलगी ओढत होती, प्रकाश खिडकीतून छान येत होता. आवाज बंद करून पाहिलं तेव्हा लक्षात आलं: जात्यात दाणेच नव्हते. भोवती पीठ नाही, सुपात धान्य नाही, आणि खुंट्यावरचा हात इतका सैल की दगडाला वजनच नसावं. शब्द दळण्याचे आणि समोर रिकामं जातं. मूठभर ज्वारीने तो शॉट खरा झाला असता. हा दोष चित्रीकरणाचा म्हणून मांडू नका, तो तयारीचा आहे. कॅमेरा धरणाऱ्याने आपलं काम नीट केलं होतं आणि त्याचे गुण कापायचं कारण नव्हतं.

तपासणी: तुमच्या यादीत प्रत्येक दोषासमोर वेळ आणि कारण आहे का? कारण सापडत नसेल तर प्रश्नचिन्ह ठेवा आणि तोंडीच्या वेळी विचारा.

## टप्पा ६: तिसरं पाहणं, आवाजासह, थांबत थांबत

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाही हवा. टप्पा ३ मधला गाण्याचा नकाशा समोर ठेवा.

### शब्द आणि चित्र

प्रत्येक कडव्यासमोर एक शब्द लिहा: ‘तेच’, ‘वाढवतं’, ‘उलट’ किंवा ‘संबंध नाही’. शब्दांत पाऊस आणि चित्रात पाऊस, हे झालं ‘तेच’. शब्दांत पाऊस आणि चित्रात गळक्या पत्र्याखाली ठेवलेली पातेली, हे झालं ‘वाढवतं’. शब्दांत सुखाचा पाऊस आणि चित्रात पुरात गेलेलं घर, हे ‘उलट’. तिन्ही चालतात. चौथं चालत नाही.

नवख्या गटांत सगळ्या कडव्यांसमोर ‘तेच’ येतं: ‘चंद्र’ म्हटलं की चंद्र, ‘डोळे’ म्हटलं की डोळे. त्याला नापास करू नका, पण वरचे गुण त्याला नाहीत. आणि गूढ दिसतं म्हणून ‘संबंध नाही’ला ‘उलट’ समजून गुण देऊ नका. फरक ओळखायचा साधा उपाय: तोच शॉट दुसऱ्या कडव्यावर ठेवला तर काही बिघडेल का? बिघडणार नसेल तर संबंध नाही.

### लिप-सिंक

पूर्ण गाणं ताणून पाहत बसू नका. ओठ मिटवणारी अक्षरं धरा: प, ब, भ, म. ‘माय’, ‘पाणी’, ‘भाकर’ असा शब्द आला की त्या क्षणी ओठ मिटलेले दिसतात का? २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दोन-तीन फ्रेमचा फरक जवळच्या शॉटमध्ये टोचायला लागतो.

चूक कशी आहे त्यावरून कारण कळतं. शॉटच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर संकलनात क्लिप चुकीच्या जागी बसली आहे, म्हणजे पाच मिनिटांचं काम राहिलं. सुरुवातीला बरोबर आणि लांब शॉटच्या शेवटी घसरलेलं असेल तर फोनने फ्रेमचा वेग कमी-जास्त केलेला असण्याची शक्यता मोठी. फक्त एकाच ओळीत चुकलं असेल तर कलाकाराला शब्द पाठ नव्हते.

ओठ जुळूनही गाणं खोटं वाटतं, तेव्हा गळा पाहा. गाताना श्वास भरतो, मानेच्या शिरा ताणतात, वरच्या सुराला हनुवटी हलते. शूटिंगच्या वेळी नुसते ओठ हलवले की हे काही दिसत नाही. कलाकाराने मोठ्याने गायला हवं, आवाज कसाही असो. हा शेरा मुलांना फार उपयोगी पडतो, लिहायला विसरू नका.

### कट आणि ठेका

दर ठोक्यावर कट मारणं म्हणजे संकलन, असा मुलांचा समज असतो. मुखड्यातले कट मोजा, मग तेवढ्याच लांबीच्या अंतऱ्यातले मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर संकलकाने गाणं ऐकलेलं नाही, ठेका ऐकला आहे. ठेका थांबतो तिथे चित्रही थांबतं का, मधल्या संगीतात काही नवं येतं का, समेवर राखून ठेवलेला एखादा तरी शॉट आहे का, ते पाहा.

ओव्या-गटाचं इथे मला मनापासून कौतुक वाटलं. दुसऱ्या अंतऱ्याआधी त्यांनी जात्याच्या एका पूर्ण फेऱ्याचा अखंड शॉट ठेवला होता, जवळजवळ नऊ सेकंद, एकही कट नाही. ठेका चालू आणि चित्र दगडाच्या गतीने. पहिल्या पाहण्यानंतर माझ्या कागदावर राहिलेल्या तीन दृश्यांत ते होतं. रिकाम्या जात्याचे गुण गेले, या नऊ सेकंदांचे मिळाले. दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत.

सावध: एका दोषाचे गुण दोनदा कापू नका. दाणे नसणं ‘गाण्याशी नातं आणि कल्पना’मध्ये मोजलं तर ते पुन्हा ‘कलाकारांचं काम’मध्ये मोजायचं नाही.

## टप्पा ७: प्रसिद्धी साहित्याकडे परत

आता पोस्टर आणि व्हिडिओ शेजारी ठेवा. रंग, अक्षरं, कलाकाराचा चेहरा, एखादी वस्तू: सगळ्या साहित्यात एक समान धागा दिसतो का? टप्पा २ चे अंदाज इथे जोडा आणि मग प्रत्येक नगाची तांत्रिक तपासणी करा.

पोस्टर. ए-३ आकार म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटर. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण ३५०८ × ४९६१ पिक्सेल. व्हिडिओतून स्क्रीनशॉट काढून ताणलेला असेल तर छपाईत चेहरा फुटतो. निऑन रंग पडद्यावर चमकतात आणि कागदावर मळतात. एक प्रत छापून मागा, जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातली रंगीत प्रतही चालेल.

अक्षरं. यावर मी अडून बसते, कारण मराठी पोस्टरवर सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि कोणी त्या दाखवत नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला जाते, जोडाक्षरं तुटून पाय मोडलेली दिसतात, रफार भलतीकडे बसतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. इंग्रजी शीर्षकांची नक्कल करताना हे हमखास होतं. ‘दिग्दर्शन’, ‘छायांकन’, ‘निर्मिती’ हे तीन शब्द मोठे करून पाहा, बहुतेक चुका त्यांत सापडतात. मुक्ता आणि बालू यांसारखे मोफत, खुल्या परवान्याचे फॉन्ट असताना उचललेला फॉन्ट वापरायचं कारण नाही. आणि ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे असतील तर त्याची दखल घ्या. कोणीतरी काळजी घेतली आहे.

थंबनेल. १२८० × ७२०, आडवं. यूट्यूब खालच्या उजव्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी दाखवतं, तिथे लिहिलेलं झाकलं जातं. तीन-चार शब्दांपेक्षा जास्त मजकूर फोनवर वाचता येत नाही.

चौकोनी कव्हर. गाणी वितरित करणाऱ्या सेवा सहसा ३००० × ३००० पिक्सेल मागतात. पोस्टर कापून चौकोन केला असेल तर नाव कडेला चिकटतं, लगेच ओळखू येतं.

रील. आडव्या १९२० × १०८० चित्रातून उभी ९:१६ पट्टी कापली तर रुंदीचा एक तृतीयांश भागही उरत नाही. दोन माणसं असलेल्या शॉटमधलं एक माणूस जातंच. ज्या गटाने रीलसाठी वेगळे उभे शॉट घेतले त्याला त्याचे गुण द्या. खालच्या भागात मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात, तिथे चेहरा किंवा नाव नको.

टीझर. व्हिडिओचे पहिले तीस सेकंद कापून दिले तर तो टीझर नव्हे. गाण्याची ओळख पटवणारी ओळ, एक अनुत्तरित दृश्य, प्रदर्शनाची तारीख आणि कुठे पाहायचं, एवढं असलं तर तो टीझर.

## टप्पा ८: हक्क आणि परवानग्या

तीन प्रश्न, तीन वेगळी उत्तरं: शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कोणाचं?

मुलं म्हणतात, ‘मॅडम, अभंग तर तुकोबांचा आहे, त्याला कसला कॉपीराइट?’ शब्दांपुरतं ते बरोबर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि संगीतावरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं. म्हणजे सतराव्या शतकातला अभंग मोकळा, पण त्याला विसाव्या शतकात कोणी लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही, आणि बाजारातल्या कंपनीचं ध्वनिमुद्रण तर वेगळंच. शिकवण्याच्या कामासाठी आणि संस्थेतल्या मर्यादित प्रेक्षकांसमोर सादर करण्यासाठी कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. त्या यूट्यूबवर टाकायला पुरत नाहीत. प्रसिद्धी साहित्य बनवायला सांगितलं म्हणजे प्रकाशन गृहीत धरलंच, तेव्हा कागद मागाच.

‘फ्री बीट’ म्हणून उतरवलेल्या संगीताच्या अटी वाचा. बरेचदा ते कमाई न करण्याच्या आणि नाव देण्याच्या अटीवर मोफत असतं. एआयने बनवलेलं संगीत किंवा चित्र असेल तर ते लिहून द्यायला लावा.

जागेबद्दल: रेल्वेच्या फलाटावर, किंवा रायगडासारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात शूटिंग असेल तर परवानगीचं पत्र. ड्रोनचा शॉट असेल तर तिथे उडवायला मुभा होती का. लहान मुलं असतील तर पालकांची सही.

सावध: परवानगी न घेता केलेला धाडसी शॉट कितीही देखणा असला तरी त्याला वाढीव गुण देऊ नका. रुळांवरचा किंवा कड्याच्या टोकावरचा एक शॉट गाजला की पुढच्या वर्षी तीन गट तिथेच जातात.

## टप्पा ९: आता मुलांना बोलवा

आत्तापर्यंतचे कच्चे गुण पेन्सिलीने भरा आणि मगच दार उघडा.

इथे एक वाक्य हमखास येतं: ‘मॅडम, ते मुद्दाम केलंय.’ त्यावर वाद घालू नका. स्टोरीबोर्ड काढा. शूटिंगच्या आधीच्या कागदावर तो निर्णय असेल तर मान्य करा, गुण सुधारा. नसेल तर राहू द्या.

प्रत्येकाला त्याच्या कामाबद्दलच विचारा आणि सोबत प्रत्यक्ष वस्तू उघडायला सांगा. संकलकाला प्रोजेक्ट फाइल उघडून एका ठरावीक कटच्या आजूबाजूचे न वापरलेले शॉट दाखवायला सांगा. हाच का निवडला? कॅमेरा सांभाळणाऱ्याला एका शॉटमधला मुख्य प्रकाश कुठून येतो ते विचारा. पोस्टर करणाऱ्याला आधीचे दोन आराखडे मागा. ज्याने काम केलं आहे तो अर्ध्या मिनिटात सापडवतो. ज्याचं फक्त नाव आहे तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. गटाचे गुण आणि व्यक्तीचे गुण वेगळे ठेवा.

## टप्पा १०: आत्मपरीक्षण वाचणं

आता ते पाकीट उघडा. बहुतेक आत्मपरीक्षणं डायरीसारखी असतात: सकाळी सहाला निघालो, पाऊस आला, खूप शिकायला मिळालं. त्याला फारसे गुण देता येत नाहीत. हवं ते असं: एक निर्णय, त्याची वेळ, तो का घेतला, पाहणाऱ्यांवर काय परिणाम झाला.

कमकुवत: ‘आम्ही संकलनात खूप मेहनत घेतली आणि सर्वांना व्हिडिओ आवडला.’

चांगलं: ‘१:५२ ते २:०१ एकच शॉट ठेवला, कारण इथे दळणाची गती दाखवायची होती. दाखवलेल्या सहा जणांपैकी चौघांना हाच शॉट आठवला; दोघांना तिथे व्हिडिओ अडकल्यासारखा वाटला.’

प्रेक्षकांची मतं कोणाकडून आणि कशी घेतली तेही पाहा. मित्रांना ‘कसा वाटला?’ विचारलं की ‘भारी’ येणार. ‘कुठे फोन हातात घ्यावासा वाटला?’ असं विचारणाऱ्या गटाला खरी उत्तरं मिळतात. आणि तुम्हाला सापडलेला दोष विद्यार्थ्याने स्वतःहून लिहिला असेल, तर त्या दोषाचे गुण गेले तरी आत्मपरीक्षणाचे पूर्ण मिळायला हवेत.

## टप्पा ११: शेरा

शेरा त्याच दिवशी लिहा. प्रत्येक गटाला चार ओळी पुरतात: जमलेली एक गोष्ट वेळेसह, गुण गेलेल्या दोन जागा कारणांसह, आणि आठ दिवसांत करता येईल अशी एक दुरुस्ती. ‘अजून मेहनत हवी’, ‘छान प्रयत्न’ असलं काही नको.

ओव्या-गटाला मी लिहिलं होतं: ‘१:५२ चा अखंड शॉट उत्तम, तो ठेवा. ०:३८ ला जातं रिकामं आहे. पोस्टर आणि गाणं एकमेकांना ओळखत नाहीत. पोस्टर नव्याने करा, व्हिडिओतल्याच खिडकीच्या प्रकाशात, जात्याजवळ.’

आठवड्याने नवं पोस्टर आलं. पिवळसर प्रकाश, दगडावर टेकलेला हात, बोटांना पीठ लागलेलं. पोस्टरसाठी का होईना, या वेळी त्यांनी ज्वारी दळली होती.